लायबेरियाच्या तिजोरीवरची दुसरी सही

खतावणी (धागाकर्ता) | सोमवार, रात्री १०:१२

दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं की युद्धातून उठलेल्या देशात पंचवीस देश आणि शंभर संस्था मदतीला धावतात, मग हे सगळे एका टेबलाला बसून कामं वाटून का घेत नाहीत? बसतात हो. दर आठवड्याला बसतात, इतिवृत्त लिहितात, पुढच्या बैठकीची तारीख ठरवतात. अडतं ते बैठकीपाशी नाही. पैसा कुठल्या दारातून आत जातो, तिथे अडतं. त्या धाग्यावर एवढं लिहिलं असतं तर विषयांतर झालं असतं, म्हणून हा वेगळा.

मी पेशाने हिशेबनीस. पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाच्या राजधानीत, मन्रोव्हियात, एका मदत प्रकल्पाचे हिशेब दोन वर्षं पाहिले. त्यामुळे माझं सगळं म्हणणं कॅशबुकाच्या बाजूने येणार. शांतता, लोकशाही या गोष्टींवर इथे माझ्यापेक्षा जाणकार मंडळी आहेत, त्यांनी कान धरावा.

थोडी पार्श्वभूमी. १९८९ च्या डिसेंबरात सुरू झालेलं लायबेरियातलं यादवी युद्ध मधली काही वर्षं सोडली तर २००३ पर्यंत चाललं. ११ ऑगस्ट २००३ ला राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर पायउतार होऊन नायजेरियाला गेला आणि १८ ऑगस्टला घानातल्या अक्रा शहरात शांतता करार झाला. त्या कराराचं एक परिशिष्ट आहे, ते फारसं कुणी वाचत नाही. लढणाऱ्या दोन्ही बंडखोर गटांना आणि टेलरच्या जुन्या सरकारला कुठली मंत्रालयं आणि कुठली सरकारी महामंडळं मिळणार याची चक्क वाटणी त्यात आहे. बंदूक खाली ठेवण्याची किंमत अशी खुर्च्यांमध्ये चुकती झाली. ज्यांना महामंडळ मिळालं त्यांना ते जेमतेम दोन वर्षांसाठी मिळालं होतं, हे त्यांनाही माहीत होतं. पुढे काय झालं असेल ते सांगायला नको.

फेब्रुवारी २००४ मध्ये न्यूयॉर्कला डोनर मंडळींची, म्हणजे मदत देणाऱ्या देशांची आणि संस्थांची, परिषद झाली आणि सुमारे ५२ कोटी डॉलरचे वायदे झाले. वर्षभरात युरोपियन कमिशनने केंद्रीय बँकेची आणि काही महामंडळांची तपासणी करवली. तिच्यात जे निघालं ते पाहून सगळे हादरले. ‘हादरले’ जरा जास्तच झालं, अंदाज सगळ्यांनाच होता. फरक इतकाच की आता ते कागदावर आलं. मे २००५ मध्ये कोपनहेगनला बैठक झाली आणि सप्टेंबर २००५ मध्ये युद्धानंतरच्या हंगामी सरकारचे अध्यक्ष जिऊड ब्रायंट यांनी एका करारावर सही केली. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, सगळे त्याला ‘जीमॅप’ म्हणतात. शासन आणि अर्थव्यवस्थापन सहाय्य कार्यक्रम.

जीमॅपचा गाभा एका ओळीत सांगता येतो: सरकारी खर्चाच्या कागदावर एक सही लायबेरियन अधिकाऱ्याची, दुसरी बाहेरून आणलेल्या तज्ज्ञाची. दुसरी सही नाही तर पैसे नाहीत. केंद्रीय बँक, मन्रोव्हियाचं बंदर, रॉबर्ट्स विमानतळ, पेट्रोलियम रिफायनिंग कंपनी, वनविकास प्राधिकरण, म्हणजे जिथे रोख पैसा जमा होतो त्या प्रत्येक ठिकाणी असा एक माणूस. वर एक सुकाणू समिती. तिचे अध्यक्ष देशाचे राष्ट्राध्यक्ष आणि उपाध्यक्ष अमेरिकेचे राजदूत. समितीत जागतिक बँक, नाणेनिधी, युरोपियन कमिशन, संयुक्त राष्ट्रं, आफ्रिकन युनियन, इकोवास (पश्चिम आफ्रिकी देशांची संघटना), घाना, नायजेरिया.

आता समन्वयाच्या दृष्टीने हे पाहा. एरवी एका कुंपणाच्या रंगावर एकमत न होणारी ही मंडळी इथे एका सुरात बोलली. नाणेनिधीने एक, अमेरिकेने दुसरं आणि युरोपने तिसरंच सांगितलं असं झालं नाही. हंगामी सरकारला एकाकडून नकार घेऊन दुसऱ्याच्या दारात जाण्याची सोय राहिली नाही. शिवाय मोठी कळ डोनरांच्याच हातात होती: देशावर जवळपास ४९० कोटी डॉलरचं परकीय कर्ज, आणि ते माफ व्हायचं तर याच सगळ्यांची मान हलायला हवी.

निकाल? २००५-०६ मध्ये सरकारचं वर्षाचं उत्पन्न सुमारे ८ कोटी डॉलर होतं. २०१० च्या आसपास अंदाजपत्रक ३० कोटींच्या पुढे गेलं. जून २०१० मध्ये सुमारे ४६० कोटींची कर्जमाफी मिळाली. याचं सगळं श्रेय मी दुसऱ्या सहीला देणार नाही. जानेवारी २००६ मध्ये एलन जॉन्सन सरलीफ राष्ट्राध्यक्ष झाल्या. त्या स्वतः बँकिंगमधल्या. अर्थखातं अँटोइनेट सायेह यांच्याकडे होतं, त्या जागतिक बँकेतून आलेल्या. दुसऱ्या सहीवाल्याला पहिली सही करणारा माणूस धड मिळाला, म्हणून ते चाललं.

पण माझा मुद्दा इथून पुढे सुरू होतो.

ज्या वर्षी सरकारच्या ८ कोटींवर डोळ्यांत तेल घालून दोन-दोन सह्या होत होत्या, त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या लायबेरियातल्या मोहिमेचा, म्हणजे ‘अनमिल’चा, खर्च ७० कोटी डॉलरच्या वर होता. मान्य आहे, त्यातला बहुतेक पैसा हजारो सैनिकांचे पगार, हेलिकॉप्टर, इंधन यांचा. तो बाजूला ठेवू. उरलेली मदत, म्हणजे शाळा, दवाखाने, रस्ते, प्रशिक्षणं, तीही बहुतांश सरकारी तिजोरीच्या बाहेरूनच फिरत होती. कुणाची कंत्राटदारामार्फत, कुणाची संस्थेमार्फत, कुणाची संयुक्त राष्ट्रांच्या एखाद्या शाखेमार्फत. अर्थमंत्र्यांना आपल्याच देशात किती पैसा खर्च होतोय याचा आकडा डोनरांना पत्रं लिहून मागवावा लागे, आणि उत्तरं यायची ती प्रत्येकाच्या वेगळ्या आर्थिक वर्षाप्रमाणे. कुणाचं जानेवारीपासून, कुणाचं ऑक्टोबरपासून. लायबेरियाचं जुलैपासून.

आमच्याकडे एका जिल्ह्यातल्या गटार-दुरुस्तीला चार ठिकाणांहून पैसे होते. गटार एकच, अहवाल चार. चौघांचे खर्चाचे रकाने वेगळे, डॉलरचा दर धरण्याची तारीख वेगळी. एकाला मजुरांचे अंगठे हवेत, दुसऱ्याला फोटो. मी महिन्यातले नऊ-दहा दिवस त्या गटाराचं भाषांतर करण्यात घालवत होतो. आमच्या शेजारच्या सरकारी कचेरीतला कारकून (हुशार मुलगा, बेरजा तोंडी करायचा) आमच्याकडे आला, कारण आम्ही चौपट पगार देत होतो. त्याच्या रिकाम्या खुर्चीत बसायला मग डोनरांनी एक सल्लागार पाठवला. क्षमताबांधणीसाठी.

गंमत म्हणजे मार्च २००५ मध्ये, जीमॅपच्या सहाच महिने आधी, याच देशांनी पॅरिसमध्ये जाहीरनामा काढला होता की मदत घेणाऱ्या देशाच्या स्वतःच्या व्यवस्थेतून पैसा द्यायचा, त्याच्या योजनेला धरून चालायचं. लायबेरियात एकजूट झाली ती फक्त दुसऱ्याच्या तिजोरीवर पहारा ठेवण्यापुरती. स्वतःच्या पाकिटाची पाळी आली की जो तो आपापल्या घरी.

---

पिंपळपार | सोमवार, रात्री ११:०५

वाचतोय. गटाराचं भाषांतर __/\__

---

ठिणगी | मंगळवार, सकाळी ८:३१

खतावणी, लेख उत्तम, पण तुम्ही जीमॅपला फार सहज सोडून दिलंत. स्वतंत्र देशाच्या केंद्रीय बँकेत परदेशी माणसाच्या सहीशिवाय पान हलत नाही, याला मदत म्हणायचं? निवडणूक ११ ऑक्टोबर २००५ ला होती. सही घेतली सप्टेंबरमध्ये, एका न निवडलेल्या सरकारकडून. म्हणजे येणाऱ्या सरकारचे हात आधीच बांधून ठेवले. आणि भ्रष्टाचारात दोन बाजू असतात. लाकूड आणि हिरे घेणारे कोण होते? त्यांच्या बँकांत किती दुसऱ्या सह्या बसवल्या?

---

खतावणी | मंगळवार, सकाळी ९:१०

ठिणगी, तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि ते द्यायची जबाबदारी माझी नाही म्हणून मी सुटतो.

पहिल्यावर मात्र तुमच्या हातात अजून दारूगोळा देतो. ही दुसरी सही लायबेरियात पहिल्यांदा आलेली नाही. १९१२ मध्ये १७ लाख डॉलरचं कर्ज घेतलं तेव्हा जकातवसुली परदेशी अधिकाऱ्यांच्या हाती गेली: मुख्य अमेरिकन, सोबतीला ब्रिटिश, फ्रेंच आणि जर्मन. दोन वर्षांत त्यांचेच देश एकमेकांशी लढायला लागले! पुढे १९२६ मध्ये फायरस्टोन या अमेरिकन टायर कंपनीशी करार झाला: दहा लाख एकरांपर्यंत जमीन, ९९ वर्षांसाठी, एकरी ६ सेंट. जोडीला ५० लाख डॉलरचं कर्ज आणि पुन्हा अमेरिकन आर्थिक सल्लागार. १९८७ मध्ये सॅम्युएल डोच्या राजवटीत अमेरिकेने १७ तज्ज्ञ पाठवले. काम तेच, सरकारी खर्चावर सहसही. वर्षभरात गाशा गुंडाळून गेले, कारण डोने त्यांना वळसा घालायच्या शंभर वाटा शोधल्या होत्या.

म्हणजे शतकभरात चौथा प्रयोग. मन्रोव्हियातल्या जुन्या कारकुनांना हे तोंडपाठ होतं. नवा गोरा तज्ज्ञ आला की त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव असे तो तुम्हाला सरकारी कचेरीत बदली होऊन आलेल्या साहेबाकडे बघणाऱ्या शिपायाच्या चेहऱ्यावर दिसेल.

पण मग करायचं काय होतं? हंगामी सरकार महामंडळं लुटत होतं, ते काही वसाहतवाद्यांनी रचलेलं कुभांड नव्हतं. इकोवासने, म्हणजे शेजाऱ्यांनीच, वेगळी चौकशी लावली होती. रस्त्यावरच्या सामान्य मन्रोव्हियावासीयाला सार्वभौमत्वाचा राग कमी आणि बंदरावरच्या चोरांचा राग जास्त होता.

---

ठिणगी | मंगळवार, सकाळी ९:४४

१९८७ चं माहीत नव्हतं. बाकी मतभेद कायम.

---

अनवट | मंगळवार, दुपारी १:२०

अफगाणिस्तानचं उदाहरण इथे टाकतो, कारण खतावणींच्या म्हणण्यातून निघणारा ‘एक दार’ सिद्धांत (सगळी मदत सरकारी तिजोरीतूनच जावी) तिथे जवळपास प्रत्यक्षात आला होता.

२००२ मध्ये जागतिक बँकेच्या देखरेखीखाली अफगाणिस्तान पुनर्बांधणी विश्वस्त निधी निघाला. पुष्कळ देशांनी त्यात पैसे टाकले. शिक्षकांचे, कारकुनांचे पगार त्यातून सरकारी तिजोरीमार्फत दिले जात. आधी सरकारने खर्च करायचा, बाहेरचा तपासनीस पावत्या पाहणार, पात्र तेवढी रक्कम परत मिळणार. २००३ पासून गावोगाव निवडून आलेल्या विकास परिषदांना थेट अनुदान द्यायचा कार्यक्रमही चालला: कुटुंबामागे २०० डॉलर, गावाला जास्तीत जास्त ६०,०००. पाण्याची योजना करायची की शाळा, हे गाव ठरवणार. कागदावर यापेक्षा नेटकं काही सापडणार नाही.

आणि तरी २०२१ च्या ऑगस्टमध्ये ते सरकार कोसळून तालिबान आले, ते सगळ्यांनी पाहिलं. त्या वेळी सरकारी खर्चाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग परदेशी अनुदानावर चालत होता. दार एक होतं, ते बाहेरून बंद झाल्यावर आत काही उरलं नाही.

---

खतावणी | मंगळवार, दुपारी २:०२

अनवट, हा प्रतिसाद मला टोचला, म्हणजे बरोबर असणार.

थोडासा बचाव: अफगाणिस्तानातही त्या निधीबाहेरून गेलेला पैसा आत आलेल्यापेक्षा कितीतरी जास्त होता. सैन्याची रसद, प्रांतोप्रांतीच्या लष्करी पुनर्बांधणी तुकड्या, कंत्राटं. अश्रफ घनी २००२ ते २००४ अर्थमंत्री होते तेव्हापासून हीच तक्रार करत होते. पण तुमचा मुद्दा वेगळा आहे आणि मी तो लेखात धरलाच नव्हता. एक दार केलं म्हणून घरमालक कमावता होत नाही. लायबेरियाने निदान स्वतःचं उत्पन्न वाढवलं: जकात, बंदर, पुढे खाणी. वनक्षेत्राचे जुने सगळे परवाने फेब्रुवारी २००६ मध्ये रद्द केले, मित्तल स्टीलशी हंगामी सरकारने केलेला लोहखनिजाचा करार त्याच वर्षाअखेर पुन्हा वाटाघाटी करून बदलून घेतला.

---

शेवंता | मंगळवार, रात्री ९:४७

माझी आतेबहीण केंद्रीय राखीव पोलीस दलात होती, लायबेरियाला जाऊन आली. २००७ च्या जानेवारीत भारताची महिला तुकडी मन्रोव्हियात उतरली, संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेतली पहिली संपूर्ण महिलांची पोलीस तुकडी. सव्वाशेच्या आसपास बायका. २०१६ पर्यंत एकामागून एक तुकड्या जात राहिल्या. राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाचा पहारा त्यांच्याकडे होता.

ती सांगायची की रात्रीच्या गस्तीला स्थानिक पोलीस सोबत असायचे, पण त्यांच्याकडे कधी गाडी नसायची, गाडी असली तर तेल नसायचं. आणि शहराबाहेर नव्या सैन्याच्या बराकी एकदम चकाचक. तिला तेव्हा कळायचं नाही की एकाच देशाचं सैन्य एवढं श्रीमंत आणि पोलीस एवढे गरीब कसे. धागा वाचून आत्ता उलगडा झाला असं वाटतंय. की मी चुकीचं जोडतेय?

---

खतावणी | मंगळवार, रात्री १०:३०

शेवंताताई, बरोबर जोडताय. करारातच वाटणी होती: सैन्य अमेरिका उभं करणार, पोलीस संयुक्त राष्ट्रं. अमेरिकेने ते काम डाइनकॉर्प या खाजगी कंपनीला दिलं. जुनं सैन्य पूर्ण बरखास्त, नव्या भरतीत एकेका उमेदवाराची गावात जाऊन चौकशी, फोटो लावून लोकांकडून हरकती मागवणं. दोन हजारांचं छोटं पण धड सैन्य झालं. पोलिसांकडे असा एक श्रीमंत पालक नव्हता. संयुक्त राष्ट्रांचे पोलीस प्रशिक्षण देत, पण गाड्या, वायरलेस, ठाणी यांसाठी दरवेळी वेगवेगळ्या देशांपुढे हात पसरायचे.

समन्वयाच्या बैठकीत ‘तू सैन्य, मी पोलीस’ हे सुटसुटीत वाटतं. कामाची विभागणी म्हणून टाळ्याही पडतात. पण न्यायालय आणि तुरुंग कुणाच्याच वाट्याला ठळकपणे आले नाहीत. पोलीस सुधारले, पकडायला लागले, आणि खटला न चालता आत बसलेल्या माणसांनी तुरुंग भरले. चोर पकडण्याची क्षमता एका डोनरची, सोडण्याची की शिक्षा देण्याची ते ठरवणारा न्यायाधीश कुणाचाच नाही.

---

कोनाडा | बुधवार, सकाळी ७:५५

न्यायाचा विषय निघालाच आहे तर लायबेरियातल्याच बोंग काउंटीतल्या बांगा शहराचं उदाहरण घ्या (इंग्रजीत लिहितात त्यात सुरुवातीला एक जास्तीचा ‘ग’ आहे, तो गिळतात).

२०१० मध्ये लायबेरिया संयुक्त राष्ट्रांच्या शांतता उभारणी आयोगाच्या यादीत आला. हा आयोग २००५ च्या अखेरीस समन्वयासाठीच निघाला होता, पहिले दोन देश बुरुंडी आणि सिएरा लिओन. लायबेरियासाठी कल्पना अशी की राजधानीबाहेर पाच ठिकाणी ‘न्याय आणि सुरक्षा केंद्रं’ बांधायची. पोलीस, सरकारी वकील, न्यायालय, सीमा रक्षक, सगळे जवळजवळ. पहिलं बांग्याला, २०१३ मध्ये उद्घाटन झालं.

इमारत झाली. पण इमारतीला लागणारं जनरेटरचं तेल, गाड्यांचे टायर, सरकारी वकिलांचे पगार हे दरवर्षी सरकारने द्यायचे होते. डोनरच्या पैशात फीत कापता येते, टायर बदलता येत नाही. पुढची चार केंद्रं त्या थाटात कधी उभी राहिली नाहीत. मग ‘इमारतीपेक्षा सेवा पोचवू’ असं धोरण बदलल्याचं जाहीर झालं, जे मुळात पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हणायला हवं होतं.

---

अर्धविराम | बुधवार, सकाळी ११:१८

सगळे पैशाच्या दाराबद्दल बोलताहेत, मला वेळेबद्दल बोलायचंय. निःशस्त्रीकरणाचं प्रकरण घ्या.

डिसेंबर २००३. अनमिलचे सैनिक अजून पुरेसे पोचलेही नव्हते, पण राजकीय घाई होती, म्हणून मन्रोव्हियाजवळच्या कॅम्प शिफेलिन इथे शस्त्रं जमा करायला सुरुवात केली. माणशी ३०० डॉलर मिळणार, ते दोन हप्त्यांत. लढवय्ये अपेक्षेपेक्षा किती तरी जास्त आले, पहिला हप्ता तिथल्या तिथे हवा म्हणून दंगल झाली, लोक मेले. काम बंद. एप्रिल २००४ मध्ये पुन्हा सुरू.

सुरुवातीचा अंदाज ३८,००० लढवय्यांचा होता. नोंद झाली एक लाखाहून जास्त जणांची. शस्त्रं जमली सुमारे २८,०००. दीडशे काडतुसं आणली तरी नाव लागत होतं, त्यामुळे कुणी कुणाची काडतुसं आणून दिली हा वेगळा इतिहास. मुद्दा असा की शस्त्र घेण्याचे पैसे एका खिशात तयार होते आणि पुढच्या शिक्षण-रोजगाराचे दुसऱ्या, ऐच्छिक वर्गणीच्या खिशात. पहिला खिसा लगेच उघडला, दुसरा रडतखडत भरत राहिला. हजारो पोरं नोंदणीचं कार्ड घेऊन वर्ष-दोन वर्षं नुसती वाट पाहत बसली. एक लाख लोकांशी केलेला करार अर्धाच पाळला जात असेल तर त्याला समन्वय बिघडला म्हणायचं की फसवणूक?

---

पिंपळपार | बुधवार, सकाळी ११:४०

फसवणूक.

---

ठिणगी | बुधवार, दुपारी १२:०६

+१

---

मोडीवाचक | बुधवार, दुपारी ३:२२

हा धागा वाचून असं वाटेल की सगळं फसलंच. खतावणी, काही जमलेलं आहे का? मला आरोग्याबद्दल ऐकायला आवडेल. आणि जमलं होतं तर मग इबोलाच्या साथीत एवढी माणसं का गेली, तेही सांगा.

---

खतावणी | बुधवार, रात्री ११:१५

माफ करा, उशीर झाला आणि प्रतिसाद लांबणार आहे, कारण माझ्या मते लायबेरियातला खरा शिकण्यासारखा भाग हाच.

युद्ध संपलं तेव्हा चालू असलेले बहुतेक दवाखाने परदेशी संस्था चालवत होत्या, आणीबाणीच्या पैशावर. तो पैसा युद्ध संपलं की आटतो. नियमच तसा आहे: गोळ्या चालू असताना औषध मिळतं, थांबल्या की फाइल दुसऱ्या खात्याकडे जाते आणि तिथे पहिलं वर्ष ‘आढावा’ घेण्यात जातं. २००६-०७ च्या सुमारास संस्था सांगायला लागल्या की आम्ही निघतोय. सरकारने तर त्याच वेळी उपचार मोफत केले होते. म्हणजे गर्दी वाढणार आणि चालवणारे जाणार.

आरोग्यमंत्री वॉल्टर ग्वेनिगेल यांनी, ते स्वतः शल्यचिकित्सक, आधी पाच वर्षांची एक साधी योजना केली. कुठल्या पातळीच्या दवाखान्यात कोणत्या सेवा मिळायलाच हव्यात याची यादी. मग २००८ मध्ये एक सामायिक निधी काढला. ब्रिटन, आयर्लंड आणि संयुक्त राष्ट्रांच्या दोन संस्था सुरुवातीला आल्या. पैसे एका खात्यात, खर्च कशावर ते मंत्रालयाच्या अध्यक्षतेखालची समिती ठरवणार, हिशेब मंत्रालयातच बसलेली बाहेरची लेखा कंपनी सांभाळणार. दवाखाने संस्थाच चालवत राहिल्या, पण आता मंत्रालयाच्या कंत्राटावर. म्हणजे त्याच परिचारिका, तीच इमारत, फक्त साहेब बदलला. हा ‘फक्त’ फार मोठा होता. पूर्वी संस्था आपला अहवाल आपल्या देशात पाठवायची, आता तो मन्रोव्हियात द्यावा लागला.

अमेरिका या निधीत आली नाही. त्यांच्या कायद्यांना दुसऱ्यांच्या पैशात आपला मिसळणं झेपत नाही. पण त्यांनी २०११ मध्ये एक मधली वाट काढली: सुमारे ४ कोटी २० लाख डॉलरचा करार थेट मंत्रालयाशी, त्याच योजनेनुसार. अट एवढीच की आधी सरकारने खर्च करायचा, ठरलेलं काम दिसलं की ठरलेली रक्कम परत. ऐकायला छान. पण ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्याला ‘आधी तुम्ही भरा’ सांगण्यासारखं आहे ते, त्यामुळे रोखीची ओढाताण कायम. तरीही, मी पाहिलेल्या सगळ्या व्यवस्थांमध्ये दोन मोठे डोनर दोन वेगळ्या नळ्यांमधून एकाच टाकीत पाणी सोडताहेत असं चित्र इथेच दिसलं.

याच्या यशाचं कारण मला फार साधं वाटतं. मंत्रालयाकडे ‘नाही’ म्हणणारा मंत्री होता आणि ‘नाही’ म्हणताना दाखवायला एक छापील योजना होती. समन्वय डोनरांनी केला नाही, यजमानाने त्यांच्याकडून करवून घेतला.

आता इबोला. २०१४-१५ मध्ये लायबेरियात ४,८०० हून जास्त माणसं गेली. ही व्यवस्था वरवरची होती म्हणून तसं झालं, असं म्हणणारे आहेत, आणि त्यांचं पूर्ण चुकत नाही. ४० लाखांच्या देशात जेमतेम पन्नासेक डॉक्टर होते. निधीने दवाखाने उघडे ठेवले. डॉक्टर तयार व्हायला मात्र दहा-बारा वर्षं लागतात, आणि कुठल्याच डोनरचा प्रकल्प तीन-चार वर्षांपुढे जात नाही. हातमोजे नव्हते, पगार थकले म्हणून परिचारिका संपावर गेलेल्या. साथ आल्यावर पुन्हा सगळे आपापले झेंडे घेऊन उतरले, आणि काही उपचार केंद्रं तर रुग्ण संपल्यावर बांधून पूर्ण झाली.

---

अनवट | गुरुवार, सकाळी ९:०३

“समन्वय यजमानाने करवून घेतला” हे पटलं. नाजूक देशांनी स्वतः हेच म्हणायला गट काढला होता, जी-सेव्हन-प्लस, सचिवालय पूर्व तिमोरच्या दिली शहरात. २०११ मध्ये बुसानला त्यांनी डोनरांकडून ‘न्यू डील’ मान्य करून घेतलं: एक देश, एक योजना, पाच उद्दिष्टं.

पण यजमानच उठून गेला तर? दक्षिण सुदान घ्या. जुबामध्ये काही युरोपीय देश आणि कॅनडा यांनी मिळून एकच संयुक्त कार्यालय चालवून दाखवलं होतं. जुलै २०११ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि प्रत्येकाला आपला दूतावास, आपला झेंडा हवा झाला. ते कार्यालय मिटलं. आणि जानेवारी २०१२ मध्ये सरकारने स्वतःच तेल उत्पादन बंद केलं, सुदानशी भांडण झालं म्हणून. सरकारी उत्पन्नाच्या ९८ टक्के तेल! सगळे डोनर ज्या तीन वर्षांच्या योजनेभोवती बसले होते तिचा पायाच एका दुपारी काढून घेतला. डिसेंबर २०१३ मध्ये तर युद्धच सुरू झालं.

---

खतावणी | गुरुवार, सकाळी ९:५०

यावर माझ्याकडे काही नाही. तिथे माझं कॅशबुक संपतं.

---

कोनाडा | गुरुवार, दुपारी ४:१४

लायबेरियाचं पुढचं कुणी लिहिलं नाही म्हणून. जानेवारी २०१८ मध्ये जॉर्ज वेआ यांच्याकडे शांततेत सत्तांतर झालं, मार्चमध्ये अनमिल गेलं. त्याच वर्षी बातमी आली की छापून आणलेल्या १६ अब्ज लायबेरियन डॉलरच्या नोटा गायब आहेत. अमेरिकेच्या खर्चाने बाहेरच्या कंपनीकडून तपास झाला. कंटेनर चोरीला गेल्याचा पुरावा मिळाला नाही, पण मागवल्यापेक्षा जास्त नोटा छापून आल्या होत्या आणि केंद्रीय बँकेच्या नोंदी जुळत नव्हत्या असं निघालं. केंद्रीय बँक. म्हणजे जिथे बारा-तेरा वर्षांपूर्वी दुसरी सही बसवली होती, तीच.

आणि २०२५ मध्ये अमेरिकेने आपली मदतसंस्थाच बंद केली. लायबेरियाच्या आरोग्यखात्याला त्याचा जबर फटका बसला. नळी कितीही चांगल्या टाकीला जोडलेली असली तरी शेवटी ती नळीच.

---

मोडीवाचक | गुरुवार, सायंकाळी ६:३७

खतावणी, धन्यवाद, मोठा प्रतिसाद दोनदा वाचला. एक भोचक प्रश्न विचारते, राग मानू नका. तुमच्या त्या प्रकल्पाच्या खर्चाच्या कागदावर किती सह्या असायच्या? आणि त्यातली लायबेरियन माणसाची किती?

---

खतावणी | गुरुवार, रात्री १०:०८

राग कसला. तीन असायच्या. तयार करणारा, तपासणारा आणि मंजुरी देणारा. तयार करणारा लायबेरियन: तोच सरकारी कचेरीतून आलेला मुलगा, तोंडी बेरजावाला. तपासणारा मी. मंजुरी दुसऱ्या खंडातून, स्कॅन होऊन यायची, पावसाळ्यात नेट गेलं की चार दिवसांनी.

त्या जिल्ह्याच्या सरकारी अधीक्षकांनी एकदा येऊन गटाराचा एकूण खर्च किती झाला एवढंच विचारलं होतं. आकडा माझ्या समोरच्या पडद्यावर होता. मी त्यांना वरिष्ठांकडे लेखी अर्ज करायला सांगितलं, कारण तसा नियम होता. त्यांनी अर्ज केला की नाही, मला आठवत नाही.